कापडव्यापाऱ्याची लीग आणि त्याची मायभूमी

फुटबॉल लीगची कल्पना प्रथम मांडली ती एका कापडव्यापाऱ्याने. विल्यम मॅकग्रेगर यांचा जन्म १८४६ साली स्कॉटलंडमधील पर्थशायरच्या ब्रेको या खेड्यात झाला. १८७० च्या सुमारास ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅमला आले आणि भावासह त्यांनी तेथे कापडाचे दुकान थाटले. अ‍ॅस्टन व्हिला या क्लबाकडे ते ओढले गेले, कारण तेथे जॉर्ज रॅमसे यांच्यासारखे स्कॉटिश बांधव खेळत होते. परमुलखात आपली माणसे जिथे भेटतात, तिथेच पाय वळतात. मॅकग्रेगर मद्यापासून दूर राहणारे, धर्मनिष्ठ आणि उदारमतवादी पक्षाचे होते. क्लबाच्या कारभारात त्यांच्या शब्दाला लवकरच वजन प्राप्त झाले.

१८८५ साली इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलला अधिकृत मान्यता मिळाली आणि खेळाडूंना पगार देणे उघडपणे सुरू झाले. पगार नियमित द्यावा लागे. उत्पन्नाची मात्र शाश्वती नव्हती. चषक स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने एका पराभवानिशी संघाचा त्या स्पर्धेतील हंगाम संपे. उरलेले सामने मैत्रीपूर्ण असत आणि प्रतिस्पर्ध्याला चषकाचा सामना आला की ते आयत्या वेळी रद्द होत. तिकिटांचे पैसे बुडत, प्रेक्षकही वैतागत. ज्याला रोज हिशेबाची वही लिहावी लागते, त्याला यातला धोका लवकर उमगणे स्वाभाविक होते.

२ मार्च १८८८ रोजी मॅकग्रेगर यांनी काही प्रमुख क्लबांना पत्र धाडले. दहा-बारा क्लबांनी एकत्र येऊन एकमेकांच्या मैदानावर ठरलेल्या तारखांना सामने खेळावेत, एवढीच त्यांची सूचना होती. एप्रिलमध्ये मँचेस्टर येथील बैठकीत १२ क्लबांची फुटबॉल लीग स्थापन झाली. हे सारे क्लब लँकेशायर आणि मिडलँड्स भागांतले होते. लंडनचा एकही नव्हता. खुद्द मॅकग्रेगर यांना ‘लीग’ हा शब्द रुचला नव्हता, कारण त्याला आयर्लंडच्या राजकारणाचा वास येत होता. पहिले सामने ८ सप्टेंबरला झाले. गंमत अशी, की विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण ही पद्धत हंगाम सुरू झाल्यावर ठरली. (आपल्याकडे त्याच वर्षी सिमल्यात ड्युरँड चषक सुरू झाला, तो बाद पद्धतीचा.) एकही सामना न हरता पहिले विजेतेपद मिळवणाऱ्या प्रेस्टनच्या संघात अनेक खेळाडू स्कॉटिश होते.

स्कॉटलंडच्या चिंतेचे मूळ येथेच होते. देश लहान, खेळाडू अव्वल. पण पगार सीमेपलीकडे. रेंटन या छोट्याशा गावाच्या संघाने १८८८ मध्ये इंग्लंडच्या चषकविजेत्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला हरवले होते. अशा गावांतील खेळाडू एकामागून एक दक्षिणेकडे निघाले. मुंबईच्या क्लबातून नावारूपाला आलेले गोमंतकीय नेव्हिल डिसोझा आठवले, की ही वाट आपल्यालाही अनोळखी वाटत नाही. १८९० मध्ये स्कॉटलंडने स्वतःची लीग उभारली. इंग्लंडमधील लीग पगार भागवण्यासाठी जन्मली होती. लहान देशाला ती आपली माणसे घरी ठेवण्यासाठी हवी होती. क्वीन्स पार्क या जुन्या हौशी क्लबाने मात्र सुरुवातीला तिच्यापासून दूर राहणे पसंत केले. लीग आली की पगार येईल आणि लहान क्लब चिरडले जातील, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. १८९३ मध्ये स्कॉटलंडनेही व्यावसायिक खेळ मान्य केला. त्यानंतर ग्लासगोच्या रेंजर्स आणि सेल्टिक या मोठ्या क्लबांचा वरचष्मा वाढत गेला.

मॅकग्रेगर लीगचे पहिले अध्यक्ष झाले, परंतु आयुष्यभर बर्मिंगहॅममध्येच राहिले. २० डिसेंबर १९११ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा व्हिलाच्या नावावर सहा लीग विजेतेपदे होती. रेंटनचा संघ स्कॉटिश लीगमधून बाहेर पडला, त्याला तोवर चौदा वर्षे झाली होती.