अलेक्झांडर गिब्सन

अलेक्झांडर गिब्सन (२४ ऑक्टोबर १८०० – १६ जानेवारी १८६७) हे स्कॉटिश शल्यवैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पुण्याजवळील दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे ते अधीक्षक होते. जुन्नर तालुक्यातील हिवरे येथील उद्यानही त्यांच्याच देखरेखीखाली चाले. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. देशी वनस्पतींची नोंद ठेवणे, परदेशी वनस्पती आणून रुजवणे आणि जंगलतोडीला आळा घालणे ही तिन्ही कामे त्यांनी केली. त्यामुळे वनस्पती उद्यानांतून बाहेर पसरणाऱ्या परदेशी झाडांच्या प्रश्नाचा महाराष्ट्रापुरता विचार करताना त्यांचे चरित्र महत्त्वाचे ठरते.

प्रारंभिक जीवन

गिब्सन यांचा जन्म स्कॉटलंडमधील किंकार्डिनशर परगण्यात झाला. एडिंबरा येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत शल्यवैद्य म्हणून दाखल झाले. त्या काळी वैद्यकाच्या अभ्यासक्रमात वनस्पतिशास्त्राचा समावेश असे, कारण बहुतेक औषधे वनस्पतींपासूनच तयार होत. त्यामुळे कंपनीच्या अनेक वैद्यांकडे उद्यानांची जबाबदारी सोपवली जाई. उद्यानाच्या कामावर येण्यापूर्वी गिब्सन यांनी दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याचे काम केले.

दापोडी आणि हिवरे येथील उद्याने

दापोडीचे उद्यान १८२८ च्या सुमारास, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, तेथील गव्हर्नरांच्या निवासस्थानालगत सुरू झाले. विल्यमसन आणि चार्ल्स लश यांच्यानंतर १८३८ मध्ये गिब्सन त्याचे अधीक्षक झाले. जुन्नरजवळचे हिवरे येथील उद्यान हे त्याचे जोडउद्यान होते. तेथे सोनामुखी, खुरासानी ओवा यांसारख्या औषधी वनस्पतींची लागवड होई व तयार माल सरकारी औषध भांडारास पुरवला जाई. परदेशातून येणाऱ्या औषधांवरील खर्च वाचवणे हा त्यामागील हेतू होता.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांची रचना अशा प्रयोगांस अनुकूल आहे. पश्चिमेस नाणेघाट व भीमाशंकरच्या परिसरात अतिवृष्टीचे सदाहरित जंगल आहे. पूर्वेकडे जाताना थोड्याच अंतरात पाऊस झपाट्याने कमी होतो आणि कोरडा माळ लागतो. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांची खोरी या दोन टोकांना जोडतात. इतक्या भिन्न हवामानांत बाहेरून आणलेल्या एखाद्या तरी वनस्पतीला मानवेल अशी जागा सापडतेच. लागवड करणाऱ्यास ही सोय वाटते, परंतु झाड हाताबाहेर गेल्यास हीच सोय धोक्याची ठरते.

उद्यानांचे काम केवळ संग्रह करणे एवढेच नव्हते. बियाणे आणि रोपे शेतकऱ्यांना, अधिकाऱ्यांना व इतर बागांना वाटणे हेही त्यांचे कर्तव्य मानले जाई. उद्यानाची यशस्विता नवे झाड किती दूरवर पोहोचले यावर ठरे. ते झाड पुढे आपोआप पसरेल काय, हा प्रश्न त्या काळी विचारण्याची पद्धत नव्हती.

वनसंरक्षक

१८४० च्या दशकात गिब्सन यांनी कोकणातील व सह्याद्रीतील जंगलतोडीकडे सरकारचे लक्ष वेधले. डोंगर उघडे पडल्याने ओढे आटतात व पर्जन्यमानावर परिणाम होतो, असे त्यांचे मत होते. १८४७ मध्ये त्यांची वनसंरक्षकपदी नेमणूक झाली व १८६० पर्यंत त्यांनी हे काम पाहिले. सरकारचा हेतू मात्र जहाजबांधणीसाठी सागवान राखण्याचाही होता. डोंगरउतारावरील फिरत्या शेतीवर पुढे निर्बंध आले. त्यांचा भार प्रामुख्याने डोंगरातील आदिवासी समाजांवर पडला. गिब्सन यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही बाजू दुर्लक्षून चालत नाही.

ग्रंथ आणि चित्रे

निकोलस अलेक्झांडर डाल्झेल यांच्यासह गिब्सन यांनी लिहिलेला ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुख्य भागात इलाख्यातील देशी वनस्पतींची संक्षिप्त वर्णने असून बाहेरून आणलेल्या व येथे स्थिरावलेल्या जातींसाठी स्वतंत्र पुरवणी जोडली आहे. ही विभागणी महत्त्वाची आहे. कोणती वनस्पती मूळची व कोणती आगंतुक, हे ठाऊक असल्याशिवाय धोक्याचे अनुमान करता येत नाही.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून उद्यानातील वनस्पतींची चित्रे काढवून घेतली. ती एडिंबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन केलेली आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकाराचे नाव मात्र उपलब्ध नाही.

परदेशी वनस्पतींचा धोका

उद्यानात आलेली प्रत्येक परदेशी वनस्पती उपद्रवी होत नाही. तिने आधी येथील हवामानात तग धरावा लागतो, मग माणसाच्या मदतीशिवाय बी धरून रुजावे लागते आणि त्यानंतर दूरवर पसरून स्थानिक वनस्पतींची जागा घ्यावी लागते. बहुतेक जाती यांपैकी पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात. ज्या थोड्या पुढे जातात त्यांचे नुकसान मोठे असते.

घाणेरी ही मूळची अमेरिकेतील शोभेची वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. पक्षी तिची फळे खातात व बिया दूर टाकतात. आज ती सह्याद्रीच्या उतारांवर सर्वत्र दिसते. निवडुंगाची एक जात अठराव्या शतकाच्या अखेरीस किरमिजी रंग देणाऱ्या किड्यांच्या पैदाशीसाठी भारतात आणली गेली. पुढे रानोमाळ माजलेल्या निवडुंगाच्या दुसऱ्या जातींवर १९२६ मध्ये त्याच कुळातील कीटक सोडून नियंत्रण मिळवावे लागले. गाजर गवत मात्र उद्यानातून आलेले नाही. १९५० च्या दशकात पुणे परिसरात त्याची नोंद झाली आणि त्याचा प्रसार आयात धान्याशी जोडला जातो. यावरून उद्यान हा अनेक मार्गांपैकी एक मार्ग असल्याचे स्पष्ट होते.

ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात वनस्पती देशात घेण्यापूर्वीच तपासण्यासाठी ४९ प्रश्नांची पद्धत तयार झाली. वनस्पती इतरत्र तण ठरली आहे काय, तिचे बी कशाने पसरते, ती किती लवकर फुलते, असे प्रश्न त्यात आहेत. १९९२ च्या जैवविविधता करारातही उपद्रवी परकीय जातींना प्रतिबंध करण्याचे कलम आहे. २०१३ मध्ये युरोपातील वनस्पती उद्यानांसाठी या विषयावर आचारसंहिता प्रसिद्ध झाली.

जुन्नर परिसरात काय पणाला लागले आहे, हे शिंदळ माकुडी या वनस्पतीवरून ध्यानात येते. महाराष्ट्राबाहेर न आढळणारी ही मांसल खोडाची वनस्पती शिवनेरीसारख्या मोजक्या कड्यांवर वाढते. डाल्झेल यांनी १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे शास्त्रीय नाव दिले. अशा मर्यादित जागेत वाढणाऱ्या जातीला आक्रमक झुडपाशी स्पर्धा परवडत नाही.

वारसा

दापोडीची मालमत्ता १८६५ मध्ये विकली गेली. १८७३ मध्ये गणेशखिंड येथे नवे वनस्पती उद्यान सुरू झाले आणि २०२० मध्ये त्यास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. सह्याद्रीतील ‘हबेनेरिया गिब्सोनी’ या आमरीच्या नावात गिब्सन यांचे नाव टिकून आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम सीमेवरील भीमाशंकरचे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. गिब्सन यांच्या जंगलविषयक इशाऱ्यांचे मोल पुढील काळात मान्य झाले. परदेशी वनस्पतींच्या प्रसाराबाबत मात्र त्यांच्या पिढीने जो प्रश्न विचारला नाही, तो विचारण्याची जबाबदारी आजच्या उद्यानांवर आहे.