कृष्णेतली दोन पानं आणि गणिती कोसंबी



दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्याला माहीत आहे ते इतिहासामुळे. जुनी नाणी तोलणारे, डोंगरवाटांनी गावोगावची दैवतं शोधत फिरणारे कोसंबी. पण त्यांची रोजची भाकरी होती गणिताची! आज त्या गणिती कोसंबींची ओळख करून घेऊया.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबेन इथे त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. ते १९१८ मध्ये अमेरिकेला गेले, तेव्हा दामोदरही बरोबर गेले. पुढे १९२९ मध्ये ते हार्वर्डमधून पदवीधर झाले आणि मायदेशी येऊन बनारसला गणित शिकवू लागले.

तेव्हा अलीगढ विद्यापीठात आंद्रे वेय नावाचा एक तरुण फ्रेंच गणिती गणित विभाग सांभाळत होता. त्याने कोसंबींना अलीगढला बोलावून घेतलं. दोघेही पंचविशीच्या आतबाहेरचे, हुशार आणि खोडकर. वेयच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक लेख लिहिला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितीचा हवाला दिला. हेच नाव पुढे वेय आणि त्याच्या मित्रांच्या जगप्रसिद्ध गटाने घेतलं. म्हणजे बूर्बाकीचं बारसं छापील स्वरूपात पहिल्यांदा झालं ते आपल्या कोसंबींच्या हातून!

१९३३ मध्ये कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. त्याच वर्षी त्यांचा मार्ग-भूमितीवरचा लेख जर्मनीत प्रसिद्ध झाला. विषय अवघड आहे, पण आपण सातारा-सांगलीची माणसं, आपल्याला तो कृष्णेकाठी समजेल. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. तिथे पाण्यात दोन पानं अगदी शेजारी शेजारी सोडली, तर सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत ती जोडीनं जातील का? एक भोवऱ्यात अडकेल, दुसरं पुढे निघून जाईल. सुरुवातीचा बोटभर फरक पुढे मैलांचा होतो. केऑस म्हणतात तो हाच. आता शेजारचे दोन मार्ग जवळ राहतील की फाकतील, हे त्या मार्गांच्या भूमितीवरूनच, म्हणजे एका प्रकारच्या वक्रतेवरून सांगता येईल का? कोसंबींच्या कामाने त्याचा रस्ता दाखवला. फ्रान्सचे कार्तां आणि चीनचे चर्न यांनी त्यात भर घातली. आज हवामानाच्या केऑसचं लॉरेन्झचं प्रसिद्ध उदाहरण तपासायलाही हा कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत वापरतात.

१९४३ मध्ये त्यांनी आणखी एक पद्धत मांडली : गुंतागुंतीच्या हालचालीतून मोजके मुख्य आकृतिबंध वेगळे काढण्याची. खळाळत्या पाण्याच्या अभ्यासात ती आता नेहमीची झाली आहे. पण तिला बहुतेक वेळा नावं लागतात ती नंतरच्या कारहुनेन आणि लोएव्ह यांची.

आता वेयकडे वळू. सैन्यात हजर न झाल्याबद्दल १९४० मध्ये तो फ्रान्सच्या तुरुंगात होता आणि तिथे त्याला सांत क्षेत्रांवरचा मोठा शोध लागला. सांत क्षेत्र म्हणजे काय? आपले वारच घ्या ना. रविवार ०, सोमवार १, असं शनिवार ६ पर्यंत. सात झाले की पुन्हा शून्य. इथे ३ गुणिले ५ म्हणजे १५, म्हणजेच १. सात ही मूळ संख्या असल्यामुळे या सात अंकांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि (शून्य सोडून) भागाकारही बिनबोभाट होतात. हेच सांत क्षेत्र.

यातही भूमिती करता येते! य चा वर्ग बरोबर क्ष चा घन अधिक २, असा वक्र घ्या. क्ष आणि य च्या एकूण ४९ जोड्या. त्यांतल्या किती जोड्या हे समीकरण पाळतात? मोजून बघा, ८ येतात. अंदाज होता साधारण ७ चा. वेयने सिद्ध केलं ते असं, की अशा वक्रांवर अंदाज आणि प्रत्यक्ष संख्या यांतला फरक एका मर्यादेबाहेर जात नाही आणि ती मर्यादा वर्गमुळाच्या मापाची असते. गंमत अशी, की नाणं खूपदा उडवलं तर छाप-काट्यांतला फरकही साधारण वर्गमुळाच्याच मापात राहतो.

नेहमीच्या मूळ संख्यांबद्दलही असंच घडतं का? हा झाला रीमानच्या गृहीतकाचा प्रश्न. तो १८५९ पासून आजतागायत सुटलेला नाही. कोसंबी १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि डेक्कन क्वीनने पुण्याहून ये-जा करत. त्यांनी हा प्रश्न संभाव्यतेच्या, म्हणजे नाणेफेकीच्या वाटेने सोडवायचं ठरवलं आणि १९५९ मध्ये शेतकी सांख्यिकीच्या एका नियतकालिकात लेख छापला. पण ती सिद्धता टिकली नाही. गणितींच्या वर्तुळात त्यांचं हसं झालं. अणुऊर्जेपेक्षा सूर्याची ऊर्जा आपल्या देशाला परवडेल, या त्यांच्या जाहीर मतामुळे वरिष्ठांशी मतभेद होतेच. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते गेले.

दोन मित्रांपैकी एकाने सांत क्षेत्रातलं कोडं सोडवलं, दुसरा मूळ कोड्यावर आपटला. पण म्हणून दुसऱ्याचं आधीचं काम खोटं ठरतं का? आपल्या वर्गात असंच होतं बघा. एका चुकलेल्या उत्तरापायी अख्ख्या वहीवर लाल रेघ ओढली जाते आणि त्याच वहीतली एखादी नवी रीत आपल्या नजरेतून सुटते.

तेव्हा या आठवड्यात मुलांना त्या ४९ जोड्या तपासायला द्या. कुणाचं उत्तर ७ किंवा ९ आलं, तर खोडण्याआधी त्याने ते कसं काढलं, एवढं मात्र जरूर विचारा.