केशिराजबास : पांडित्याकडून सुबोधतेकडे

महानुभाव पंथाच्या आद्य ग्रंथकारांत केशिराजबासांचे स्थान फार वरचे आहे. सूत्रपाठ व दृष्टान्तपाठ यांची मांडणी त्यांच्या हातून झाली. या ग्रंथांची वाणी मराठीच का राहिली, हे समजण्यास त्यांच्या चरित्रातील दोन प्रसंग ध्यानी घ्यावे लागतात. दोन्ही स्मृतिस्थळात आलेले आहेत.

केशिराजबास हे संस्कृत विद्येत निष्णात. त्यांनी व दामोदर पंडितांनी एकदा आचार्य श्रीनागदेवांस, म्हणजे भटोबासांस, संस्कृतात प्रश्न केला. आचार्यांनी त्या भाषेत उत्तर देण्याचे नाकारले. सर्वज्ञ श्रीचक्रधरांनी आपणांस मराठीत निरूपिले आहे, तेव्हा मराठीतच पुसावे, असा त्यांचा आशय होता.

पुढे केशिराजबासांनी संस्कृतात प्रकरण रचण्याचे मनात आणले, तेव्हाही आचार्यांनी त्यांस आवरले. तसे झाल्यास आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, हे कारण त्यांनी दिले. या उत्तरात ग्रंथपरीक्षेचा एक सिद्धान्तच आहे. छंद निर्दोष आहे की नाही, अलंकार साधला की नाही, हे पाहणे गौण होय. ज्या जीवाच्या हितासाठी ग्रंथ आहे, त्याच्या हाती अर्थ पडतो की नाही, हे पाहणे मुख्य होय. दुर्बोध रचना केवळ कठीण नसते. ती अधिकाऱ्याचे धन हिरावून घेते.

पंडिताने हे मान्य करणे सोपे नव्हे. घरदार सुटते, पण विद्येचा अभिमान मागे उरतो. केशिराजबासांनी आज्ञा शिरसावंद्य मानली आणि आपले पांडित्य टाकून न देता मराठीच्या सेवेस लावले.

म्हाइंभटांनी शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. त्यातील सर्वज्ञांची वचने निवडून केशिराजबासांनी सूत्रपाठ तयार केला. सूत्र स्वभावतःच अल्पाक्षरी. त्याचा अर्थ गहन. म्हणून दृष्टान्तपाठात त्यांनी तीन पायऱ्या ठेवल्या : सर्वज्ञांचे सूत्र, सर्वज्ञांनीच सांगितलेला दृष्टान्त व शेवटी स्वतः लिहिलेले दार्ष्टान्तिक. असे ११४ दृष्टान्त तेथे आहेत. जात्यंधांच्या हत्तीचेच पाहावे. ज्याच्या हाती पाय आला त्यास हत्ती खांबासारखा वाटला, ज्याच्या हाती कान आला त्यास सुपासारखा. डोळस मात्र संपूर्ण हत्ती जाणतो. दळणकांडण करणाऱ्या बाईस हे ऐकताच उमगते, आणि दार्ष्टान्तिक तिला तेथून तत्त्वापर्यंत नेते. अर्थ उथळ झाला नाही. वाट तेवढी उजेडात आली.

यावरून आचार्यांस संस्कृताचा द्वेष होता असे मानणे चुकीचे ठरेल. केशिराजबासांचे संस्कृत रत्नमालास्तोत्र पंथाने आदराने जतन केले आहे. दोष भाषेचा नव्हता. जे सर्वांसाठी निरूपिले गेले, ते काहींच्याच हाती राहावे, याला आचार्यांचा विरोध होता.

आज टीका लिहिणाऱ्यानेही हीच कसोटी स्वतःस लावावी. मूळ सूत्रापेक्षा त्याचे विवरण कठीण झाले, तर म्हातारी पुन्हा नागवली जाते. केशिराजबासांची थोरवी त्यांस किती येत होते यात नाही. इतके येत असूनही म्हातारीस कळेल असे त्यांनी लिहिले, यात आहे.