मेंदूची लहर टिपणारे हान्स बर्गर

मुलांनो, एखादा चालता-बोलता माणूस अचानक कोसळतो. तोंड वाकडे होते, एक हात लुळा पडतो, शब्द फुटत नाही. हा पक्षाघात. घरी तुम्ही त्याला फालिज म्हणता. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त मिळेनासे झाले किंवा तेथील रक्तवाहिनी फुटली, की असे होते. पण कवटीच्या आतले बाहेरून कसे कळावे? त्याचा एक मार्ग हान्स बर्गर यांनी दाखवला.

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीत झाला. सैन्यात असताना ते एकदा घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याखाली येता येता वाचले. त्याच दिवशी वडिलांची खुशाली विचारणारी तार आली. दूर असलेल्या बहिणीला भावाची काळजी वाटू लागली होती! एका मनातले दुसऱ्या मनाला कसे कळले? या प्रश्नाने त्यांना झपाटले. त्याचे उत्तर त्यांना कधीच मिळाले नाही. पण शोधता शोधता वेगळेच रत्न हाती लागले.

ते डॉक्टर झाले आणि येना शहरात मेंदूचा अभ्यास करू लागले. प्राण्यांच्या मेंदूत सूक्ष्म वीज असते, हे रिचर्ड केटन यांनी १८७५ साली दाखवले होते. बर्गर ती माणसात शोधू लागले. अनेक वर्षे अपयश आले. अखेर १९२४ साली त्यांनी माणसाच्या मेंदूच्या लहरी टिपल्या. पाच वर्षे पुन्हा पुन्हा पडताळून त्यांनी हा शोध १९२९ साली प्रसिद्ध केला. प्रथम फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी तो खरा ठरवला.

हीच ईईजी तपासणी. डोळे मिटून जागे असताना निरोगी मेंदूत सेकंदाला सुमारे दहा लहरी उठतात. पक्षाघातात दुखावलेल्या बाजूच्या लहरी मंदावतात. त्यावरून इजा कोणत्या बाजूला आहे, याचा अंदाज येतो. मंद लहरी सर्वत्र पसरल्या असतील, तर धोका अधिक. नेहमीच्या लहरी टिकून असतील, तर सुधारणेची आशा अधिक. आज इजेची नेमकी जागा सीटी स्कॅन आणि एमआरआय दाखवतात. मेंदूचे काम कसे चालले आहे, ते ईईजी सांगते. खर्ड्यासारख्या गावातून शहरातील मोठ्या रुग्णालयात गेलेल्या रुग्णालाही तिचा उपयोग होऊ शकतो.

नाझी राजवटीत आजारी माणसांवर अन्याय करणाऱ्या न्यायालयाच्या कामात बर्गर सहभागी झाले. हा त्यांच्या चरित्रावरील डाग होय. १९४१ साली त्यांचे निधन झाले. मुलांनो, त्यांच्या चिकाटीचा धडा जरूर घ्या. पण ज्ञानाबरोबर माणुसकीही हवी, हे विसरू नका.