रियासतकार सरदेसाई

काम टाळण्यास कारण शोधणाऱ्या मनुष्याला ते कारण नेहमीच सापडते. कोणास वेळ नसतो, कोणास साधने नसतात, कोणास स्वास्थ्य नसते. आणि ज्याला ही तिन्ही लाभलेली असतात, त्याला शुभ मुहूर्त मिळत नाही. परंतु परिस्थिती अनुकूल होण्याची वाट न पाहता जो रोज थोडे थोडे काम करीत राहतो, त्याच्या हातून डोंगराएवढे कार्य उभे राहते. मराठ्यांच्या इतिहासाचे थोर लेखक गोविंद सखाराम सरदेसाई यांचे चरित्र या गोष्टीची साक्ष देते.

गोविंदरावांचा जन्म 17 मे 1865 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या लहानशा खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची होती. कोकणातील शेती कष्टाची आणि उत्पन्न तुटपुंजे. तशा स्थितीतही त्यांनी रत्नागिरीस इंग्रजी शिक्षण घेतले, पुढे पुणे व मुंबई येथील महाविद्यालयांत अभ्यास केला आणि 1888 साली ते बी. ए. झाले. दुसऱ्याच वर्षी, 1889 साली, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या पदरी त्यांना नोकरी मिळाली.

ही नोकरी मानाची होती, पण सुखाची नव्हती. महाराजांना वाचनाचे वेड होते. निरनिराळ्या विषयांवरील ग्रंथ त्यांना वाचून दाखवणे हे गोविंदरावांचे पहिले काम. पुढे राजपुत्रांना शिकवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली. राजवाड्यातील चाकराचा वेळ त्याचा स्वतःचा नसतो. बोलावणे केव्हा येईल याचा नेम नसे. महाराजांचा मुक्काम कधी बडोद्यास, कधी थंड हवेच्या ठिकाणी, तर कधी युरोपात. आणि त्यांच्याबरोबर गोविंदरावांनाही बिऱ्हाड हलवावे लागे. ज्याला आपली उद्याची सकाळ कोठे उजाडेल हे ठाऊक नाही, त्याने ग्रंथलेखनाचा विचारही मनात आणला नसता, तर त्यास कोणी दोष दिला नसता.

गोविंदरावांनी मात्र याच नोकरीतून आपली विद्या वाढवली. महाराजांसाठी वाचलेला ग्रंथ ते स्वतःसाठीही वाचत. महाराजांच्या सूचनेवरून त्यांनी मॅकियाव्हेली आणि सीली या पाश्चात्त्य ग्रंथकारांच्या पुस्तकांची मराठी भाषांतरे केली, आणि त्या निमित्ताने त्यांच्या लेखणीला वळण लागले. राजपुत्रांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवताना त्यांना एक उणीव जाणवली. विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा असा सुसंगत व विस्तृत इतिहास मराठीत नव्हता. तेव्हा शिकवण्यासाठी ते स्वतःच टिपणे काढू लागले. टिपणांवर टिपणे साचत गेली. त्यांना व्यवस्थित रूप देऊन त्यांनी 1898 साली मुसलमानी रियासत हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रियासत म्हणजे राज्य किंवा अंमल. 1902 साली मराठी रियासतीचा आरंभ झाला, आणि लोक त्यांना रियासतकार या नावाने ओळखू लागले.

या मार्गात एक मोठी अडचण होती. मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल कागदपत्रे त्या काळी जुन्या वाड्यांतून, देवघरांतून आणि माळ्यांवर पडून होती. इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारखे संशोधक गावोगाव हिंडून ती गोळा करीत होते. साधने पुरती हाती येण्यापूर्वी इतिहास लिहू नये, असे मत असणारे विद्वानही पुष्कळ होते. त्या मतात तथ्य होते; कारण अपुऱ्या माहितीवर लिहिलेला इतिहास चुकीचा ठरण्याचा संभव असतो. तरीही सर्व कागद मिळेपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर एका पिढीच्या वाचकांना आपला इतिहास कळलाच नसता. गोविंदरावांनी यातून मार्ग काढला. जेवढी साधने उपलब्ध होती तेवढी नीट वाचून त्यांनी लिहिले, आणि नवी साधने उजेडात आली की आपले जुने लेखन स्वतःच तपासून सुधारले. आपली चूक आपल्याच हाताने खोडण्यात त्यांनी कधी कमीपणा मानला नाही. शहाजीराजांपासून पेशवाईच्या अखेरीपर्यंतचा काळ सांगणारी मराठी रियासत 1932 साली पुरी झाली. तीस वर्षे हे काम चालले होते.

1904 च्या सुमारास बंगालचे सुप्रसिद्ध इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. एकाला मराठी कागदपत्रे हवी होती, तर दुसऱ्याला फारसी साधनांची माहिती. ही देवघेव पुढे जिवलग मैत्रीत बदलली. दोन प्रांतांतील या दोन विद्वानांनी पन्नासांहून अधिक वर्षे परस्परांच्या कामाला हातभार लावला.

1925 साली, वयाच्या साठाव्या वर्षी, गोविंदरावांनी बडोद्याची नोकरी सोडली. त्याच साली त्यांच्यावर दुःखाचा मोठा आघात झाला. त्यांचा कर्तबगार मुलगा श्यामकांत उच्च शिक्षणासाठी जर्मनीत गेला होता. तो ऐन तारुण्यात मरण पावला. म्हातारपणाची काठीच मोडली. अशा वेळी एखाद्याने लेखणी कायमची खाली ठेवली असती, तर ते निमित्त आहे असे म्हणण्यास कोणाची जीभ रेटली नसती. गोविंदरावांचे दुःख खोल होते. मुलाची पत्रे त्यांनी जपून ठेवली आणि पुढे ती पुस्तकरूपाने छापली. पण इंद्रायणीकाठच्या कामशेत या गावी घर करून ते पुन्हा आपल्या कामास लागले. साधी राहणी, नियमित दिनक्रम आणि अखंड लेखन हे त्यांचे तेथील जीवन होते.

आयुष्यातील सर्वांत अवघड काम त्यानंतरच त्यांच्याकडे आले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मराठेशाहीचे असंख्य कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले होते. असे 25 हजारांहून अधिक रुमाल तेथे होते. त्यांतील बहुतेक मजकूर मोडी लिपीत, अनेक कागद जीर्ण झालेले, कित्येकांवर वर्षाचा उल्लेखही नाही. त्यांतून महत्त्वाचे कागद निवडून छापण्याची कामगिरी मुंबई सरकारने गोविंदरावांवर सोपवली. रुमाल सोडायचा, कागद वाचायचा, त्याची तारीख ठरवायची, उपयोगी असेल तर नक्कल करायची आणि रुमाल पुन्हा बांधायचा, असे हे काम होते. त्यात चमक नव्हती, चिकाटीच हवी होती. हाताखालच्या मदतनिसांना बरोबर घेऊन त्यांनी ते नेटाने चालवले. 1930 ते 1934 या पाच वर्षांत पेशवे दप्तराचे 45 खंड प्रसिद्ध झाले. सरासरी दीड महिन्याच्या आत एक खंड! पासष्टी उलटलेल्या माणसाच्या देखरेखीखाली हे काम झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या शिस्तीची कल्पना येते.

इतके झाल्यावर तरी विश्रांती घ्यावी, असे त्यांना वाटले नाही. मराठ्यांचा इतिहास महाराष्ट्राबाहेरील लोकांनाही कळावा म्हणून त्यांनी तो इंग्रजीत नव्याने लिहिला. त्याचे तीन खंड 1946 ते 1948 या काळात निघाले. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. नव्वदी गाठल्यावर त्यांनी आत्मचरित्रही लिहिले. 1957 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी देऊन गौरवले. 29 नोव्हेंबर 1959 रोजी कामशेत येथे त्यांचे निधन झाले.

पुढील संशोधनामुळे रियासतीतील काही मते बदलली आहेत, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्या संशोधकांनाही सरदेसाईंनी छापलेल्या कागदांचा आधार घ्यावाच लागतो. गोविंदराव काही राजघराण्यात जन्मले नव्हते, की त्यांना मोकळा वेळही कोणी बहाल केला नव्हता. दुसऱ्याच्या चाकरीतून उरलेल्या वेळात त्यांनी आपल्या कामाचा आरंभ केला, आणि तो उरलेला वेळ त्यांनी कधी वाया जाऊ दिला नाही. थेंबे थेंबे तळे साचते, ही म्हण आपण नेहमी ऐकतो. रियासतकारांनी ते तळे प्रत्यक्ष भरून दाखवले.