हॉपरबाई आणि मेमरीचा हिशोब

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी फक्त दहावीपर्यंत आणि तेही पास होण्यापुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. मिनी प्रोजेक्टसाठी मी सी भाषेत एक छोटासा मेमरी अ‍ॅलोकेटर लिहिला होता. प्रोग्रॅमने मागितला की मेमरीचा तुकडा काढून द्यायचा आणि काम झालं की परत ताब्यात घ्यायचा, एवढंच त्याचं काम. धान्याच्या कोठीची किल्ली कमरेला लावून बसलेली आजी म्हणा ना! लॅपटॉपवर मस्त चालला. मग तोच कोड २० केबी रॅम असलेल्या एका बोर्डसाठी कंपाइल केला आणि लिंकरनेच हात वर केले. मी लॅपटॉपच्या तोऱ्यात १ एमबी जागा धरून ठेवली होती. ती कमी केली तर पुढचं संकट. लॅपटॉपवर पॉइंटर ८ बाइटचा, बोर्डवर ४ चा, आणि मी ८ हा आकडा जागोजागी हाताने लिहिलेला. मग सुरू झाले इफडेफ. हे मशीन असेल तर हा आकडा, ते असेल तर तो. आठ ठिकाणी घातले, नवव्या ठिकाणी विसरले. तीन रात्री गेल्या.

चौथ्या रात्री बाबा मागे येऊन उभे राहिले. बाबा वायटूकेच्या धामधुमीत कोबोल शिकलेले, सी त्यांना फारसं येत नाही. त्यांनी एवढंच विचारलं की मशीनबद्दलचं सगळं एका जागी का लिहीत नाहीस, आमच्या कोबोलमध्ये त्यासाठी वेगळं डिव्हिजनच असायचं. मला आधी राग आला (खरं सांगते!). मग शोधत गेले आणि भेटल्या ग्रेस हॉपर.

तोपर्यंत मला या बाई फक्त त्या पतंगाच्या गोष्टीमुळे माहीत होत्या. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क-२ मशीनच्या रिलेमध्ये पतंग सापडला आणि लॉगबुकात चिकटवला गेला, ती गोष्ट. आपल्याकडे प्रत्येक टेक-फेस्टच्या क्विझमध्ये असते. पण तो पतंग काही हॉपरबाईंनी पकडला नव्हता, आणि बग हा शब्द इंजिनिअर लोक त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. त्यांचं खरं काम क्विझमध्ये कुणी विचारत नाही.

जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. सात वर्षांची असताना ग्रेसने घरातली गजराची सात घड्याळं एकामागून एक उघडली. पहिलं परत जोडता येईना, म्हणून आत काय आहे ते बघायला दुसरं उघडलं, मग तिसरं... शेवटी आईने तिला एकच घड्याळ खोलायला ठेवलं. माझ्या आईने काय केलं असतं ते इथे लिहीत नाही. १६ व्या वर्षी व्हॅसर कॉलेजच्या प्रवेशाला लॅटिनमध्ये नापास झाली, पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९३४ ला येल विद्यापीठातून गणितात पीएचडी, आणि व्हॅसरमध्येच शिकवणं. म्हणजे पस्तिशीपर्यंत चारचौघींसारखी (बरं, पीएचडी सोडून!) प्राध्यापिका.

मग महायुद्ध आलं. नौदलात जायचं तर वय जास्त आणि वजन कमी, ठरलेल्या मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी. खास परवानगी काढून १९४३ मध्ये राखीव दलात भरती झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डला हॉवर्ड आयकेन यांच्या मार्क-१ वर जाऊन पोचल्या. ५१ फूट लांबीचं धूड! आकडे ठेवायला जागा किती? ७२, प्रत्येकी २३ अंकांची. कोणता आकडा कुठल्या जागेत ठेवायचा आणि ती जागा कधी मोकळी होते, सगळा हिशोब माणसाने डोक्यात करायचा. म्हणजे अ‍ॅलोकेटर हे लोक स्वतःच होते.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉक्ली यांच्या कंपनीत आल्या. तिथे युनिव्हॅक तयार होत होतं. त्याची मेमरी पाऱ्याच्या टाक्यांमध्ये, ध्वनीच्या लहरींच्या रूपात फिरत राहणारी. एकूण १००० शब्द, प्रत्येक शब्दात १२ अक्षरं. माझ्या बोर्डचे २० केबी त्यापुढे चैनच.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. तेव्हाचे प्रोग्रॅमर पुन्हा पुन्हा लागणारे छोटे प्रोग्रॅम वहीत लिहून ठेवत आणि लागेल तेव्हा त्यावरून उतरवून घेत. पण वहीतला प्रत्येक तुकडा शून्य पत्त्यापासून सुरू झालेला असे. नव्या प्रोग्रॅममध्ये तो ४०० व्या जागेवर बसवायचा तर आतल्या प्रत्येक पत्त्यात ४०० मिळवायचे. हॉपरबाईंच्या लक्षात आलं की गणितात पीएचडी झालेली माणसंसुद्धा बेरीज चुकतात आणि नक्कलही नीट करत नाहीत. मग हे काम मशीननेच का करू नये? १९५२ च्या सुमारास त्यांनी ए-० तयार केला. तुकडे टेपवर, प्रत्येकाला एक नंबर. नुसते नंबर द्यायचे, ए-० ते तुकडे गोळा करणार, एकापाठोपाठ मेमरीत बसवणार आणि पत्ते स्वतः दुरुस्त करणार.

कंपायलरला मराठीत संकलक म्हणतात, हे मला हा लेख लिहिताना कळलं. शब्द कसा चपखल आहे बघा! ए-० खरोखर संकलनच करत होता. (आजच्या भाषेत तो कंपायलरपेक्षा लिंकर-लोडरच्या जवळ जातो, असं जाणकार म्हणतात. मलाही ते पटतं.)

एक अडचण होती. प्रोग्रॅममध्ये पुढे उडी मारायची असेल, तर पुढचा तुकडा कुठे बसणार हे अजून ठरलेलंच नसतं. इथे त्यांना कॉलेजातलं बास्केटबॉल आठवलं. तेव्हाच्या मुलींच्या नियमांत चेंडू घेऊन पुढे पळता येत नसे, मैत्रिणीकडे पास करून आपण पुढे जायचं आणि तो परत घ्यायचा. तसंच त्यांनी मेमरीच्या शेवटी एक कोपरा राखून ठेवला. उडी आधी त्या कोपऱ्यात, आणि खरा पत्ता कळला की कोपऱ्यातून तिकडे. खेळाच्या तासाला लायब्ररीत बसणाऱ्या माझ्यासारख्यांनी काय करावं?

ए-० वर सुरुवातीला कुणी विश्वासच ठेवला नाही. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम कसा लिहील? पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहिण्याची फ्लो-मॅटिक भाषा आणली. ती दाखवताना तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला, तर साहेब लोक घाबरले! अमेरिकन मशीनला परकी भाषा कशी कळते म्हणून.

१९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये बैठक झाली आणि सगळ्या मशीनसाठी एकच व्यावसायिक भाषा करायचं ठरलं. ती कोबोल. ती समितीने लिहिली, हॉपरबाई तांत्रिक सल्लागार होत्या. पण पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा. तिचे चार भाग, त्यातला एक एन्व्हायर्नमेंट डिव्हिजन. प्रोग्रॅम कुठल्या मशीनवर कंपाइल होणार, कुठल्यावर चालणार, त्याची मेमरी किती, हे सगळं तिथे. बाबा म्हणाले ते हेच! डिसेंबर १९६० मध्ये जवळपास तोच कोबोल प्रोग्रॅम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक-२ अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला गेला.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने, मधली एक छोटी निवृत्ती सोडली तर, १९८६ पर्यंत चालले. काम काय, तर नौदलातले सगळे कोबोल एकसारखे वागतात की नाही याच्या चाचण्या. कारण प्रत्येक कंपनी आपापलं वेगळं शेपूट जोडत होती. भाषणात ३० सेंटिमीटरच्या तारा वाटायच्या, एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त तेवढं अंतर कापते हे दाखवायला. ऑफिसातलं घड्याळ उलटं फिरायचं. रिअर अ‍ॅडमिरल होऊन ७९ व्या वर्षी निवृत्त झाल्या, आणि लगेच डीईसी कंपनीत सल्लागार! १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या.

माझ्या प्रोजेक्टचं म्हणाल, तर सगळे इफडेफ उपटून एकाच हेडर फाइलमध्ये नेले. पॉइंटरचा आकार, अलाइनमेंट, एकूण जागा, सगळं तिथे. बाकीच्या कोडमध्ये मशीनचं नावसुद्धा नाही. फाइलचं नाव हॉपर डॉट एच. व्हायव्हाला एक्स्टर्नलनी नाव वाचलं आणि पतंगाची गोष्ट विचारली! लॅपटॉप आणि पहिला बोर्ड, दोन्हीकडे आता व्यवस्थित चालतं. दुसरा बोर्ड परवाच आणलाय, त्याचे आकडे भरायचे बाकी आहेत.