सातवी शिकलेले दादा आणि आपल्या डिग्र्या

स्मरणिकेसाठी आपल्या बॅचची माहिती एकत्र करताना एक गोष्ट लक्षात आली. आपल्यातले जे इंजिनिअर झाले, त्यातले बहुतेक खासगी कॉलेजांतून शिकले, मीही त्यातलीच. ही कॉलेजं महाराष्ट्रात निघाली ती १९८३च्या एका निर्णयामुळे, आणि तो घेणारे मुख्यमंत्री जेमतेम सातवी शिकलेले शेतकरी होते. म्हणून वसंतदादा पाटलांविषयी लिहावंसं वाटलं.

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७चा. गाव सांगलीजवळचं पद्माळे. लहानपणीच आई-वडील साथीच्या रोगात गेले, आजीने वाढवलं. शाळा लवकर सुटली, शेती हाती आली आणि पाठोपाठ स्वातंत्र्याची चळवळ. बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत होते. पकडले गेल्यावर २४ जुलै १९४३ला साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून त्यांनी तटावरून उडी टाकली. पाठलागात दोन साथीदार मारले गेले, दादांच्या खांद्यात गोळी शिरली. सुटका झाली ती १९४६मध्ये.

१९५२ला ते सांगलीचे आमदार झाले. पण त्यांचं मन रमलं सहकारात. गावोगाव फिरून, शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे गोळा करून त्यांनी सांगलीचा साखर कारखाना उभा केला. १९७२मध्ये ते पाटबंधारे मंत्री झाले. पावसाचं पाणी शिवारातच अडवून जमिनीत मुरवावं, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत टिकला. १९७७मध्ये ते पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी शरद पवार बाहेर पडले आणि सरकार कोसळलं. फेब्रुवारी १९८३मध्ये ते पुन्हा त्या खुर्चीवर आले.

तेव्हा राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्या होत्या. ज्यांना परवडे ते देणगी भरून कर्नाटकात जात. दादांनी विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. शिक्षणाचा बाजार होईल, अशी टीका झाली, आणि पुढे ती बऱ्याच अंशी खरीही ठरली. पण कामोठे, नेरूळ, नवीन पनवेल इथे कॉलेजं उभी राहिली आणि एसटीने किंवा लोकलने घरून ये-जा करत मुलींना इंजिनिअर होता आलं.

आपण पनवेलकर मात्र इथेच थांबू शकत नाही. दादांच्याच कारकिर्दीत, १६ आणि १७ जानेवारी १९८४ला, सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. चिर्ले, धुतूम आणि पागोटे इथले पाच शेतकरी हुतात्मा झाले. ज्याने स्वतः गोळी झेलली होती, त्या शेतकरी मुख्यमंत्र्याच्या राज्यात हे घडलं. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली.

आपल्या वर्गातल्या प्रकल्पग्रस्त घरांतल्या काही मुलांच्या पेमेंट सीटची फी याच भूखंडाच्या पैशातून भरली गेली. म्हणजे कॉलेजचं दार उघडलं दादांनी, आणि आत जायचे पैसे आले त्यांच्याच सरकारशी लढलेल्या शेतकऱ्यांमुळे. दादांचं मोठेपण मला मान्य आहे. पण त्या पाच जणांना वगळून ते सांगणं मला पटत नाही.

१९८५मध्ये मुख्यमंत्रिपद सोडल्यावर दादा राजस्थानचे राज्यपाल झाले, तेही पद मुदतीआधीच सोडून परतले. १ मार्च १९८९ला ते गेले.

दरवर्षी १६ जानेवारीला जासईला हुतात्म्यांना अभिवादन होतं. मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वर्षी आपल्या बॅचने मिळून तिथे जाऊया. मुलांनाही घेऊन या.